रद्द झालेल्या कायद्यांचा अनुभव रेझ्युमेवर कसा लिहायचा

२०१५ च्या मार्चमध्ये नोकरी सोडली तेव्हा मला एक्साइज (उत्पादन शुल्क) येत होतं, व्हॅट (राज्यातल्या विक्रीवरचा कर) येत होता, सीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर) येत होता आणि नाशिक महापालिकेचा एलबीटीही (स्थानिक संस्था कर) येत होता. २०२२ मध्ये पुन्हा नोकरी शोधायला बसले तेव्हा यातलं कामाचं काहीच उरलं नव्हतं. एलबीटी मी नोकरी सोडली त्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, १ ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला होता. बाकीचे कर, निदान आमच्यासारख्या कारखान्यांपुरते, १ जुलै २०१७ ला जीएसटीत गेले. मधल्या काळात घरी दोन लहान मुलं होती आणि सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणावर होत्या. त्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नोकरीत खंड पडलेल्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्या खंडात ज्यांचं कामच कायद्याने बदलून टाकलं त्यांनी जुना अनुभव कसा मांडायचा, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. म्हणून जे केलं ते सविस्तर लिहिते आहे.

माझी नोकरी अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात होती. गाड्यांसाठी लागणारे प्रेस पार्ट्स बनायचे. २००७ साली बी.कॉम. होऊन लागले तेव्हा व्हाउचर लावणं आणि बँकेत चेक भरणं एवढंच काम होतं. सोडताना विक्रीची सगळी बाजू माझ्याकडे होती: एक्साइज इन्व्हॉइस, सेनव्हॅटची (खरेदीवर भरलेल्या एक्साइजच्या क्रेडिटची) रजिस्टरं, दर महिन्याच्या १० तारखेच्या आत ईआर-१ हे एक्साइजचं विवरणपत्र आणि सी-फॉर्म. यातल्या सी-फॉर्मविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण माझा रेझ्युमे शेवटी त्याच्याच आधाराने उभा राहिला. परराज्यातल्या गिऱ्हाइकाला माल विकला आणि त्याने सी-फॉर्म दिला, तर सीएसटी २ टक्के लागायचा. फॉर्म आला नाही तर राज्यातला पूर्ण दर, आणि तो फरक व्याजासकट आपल्याच गळ्यात. गिऱ्हाईक मध्य प्रदेशात पीथमपूरला, उत्तराखंडात पंतनगरला. माल घेताना सगळे गोड बोलतात, फॉर्म मागितला की फोनच उचलत नाहीत. कुठल्या तिमाहीतली कुठली बिलं, किती रकमेचा फॉर्म आला, किती बाकी, बिलात आणि फॉर्ममध्ये फरक का, याची यादी मी ठेवायचे आणि फॉर्म येईपर्यंत पाठपुरावा करायचे.

परत नोकरी करायची ठरलं तेव्हा आधी कॉलेज रोडच्या बाजूला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाच्या कामाला लागले. मानधन नावापुरतंच होतं. सर म्हणाले, "मॅडम, जीएसटी शिकवायला मला वेळ नाही. पण पाच-सहा पार्ट्यांची फाइल तुमच्यासमोर ठेवतो. अडलं की विचारा." माझ्या मते याहून चांगली शाळा नाही. क्लास लावायला हरकत नाही, पण क्लासमध्ये सगळी बिलं बरोबर असतात.

तिथे दर महिन्याचं चक्र अंगवळणी पडलं. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र), १४ ला जीएसटीआर-२बी तयार होणार, २० ला ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र). २बी म्हणजे आपल्या पुरवठादारांनी सरकारला दाखवलेल्या बिलांची यादी. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आला, की जे बिल त्या यादीत नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे त्या खरेदीवरचा कर आपल्या करातून वजा करता येत नाही. मग खरेदीची नोंदवही एका बाजूला, २बी दुसऱ्या बाजूला, आणि न जुळणारी बिलं शोधून पुरवठादारांना फोन. "तुम्ही आमचं बिल अपलोड केलं नाही." "जीएसटी नंबर चुकलाय." "तुम्ही ते बी-टू-सी मध्ये, म्हणजे किरकोळ ग्राहकांच्या विक्रीत टाकलंय, दुरुस्त करा."

हे करताना लक्षात आलं, की हे तर मी कारखान्यात अनेक वर्षं करत होते. दुसऱ्या पार्टीच्या कागदावर आपला कर अवलंबून असतो, तो कागद वेळेत मिळवायचा आणि फरकाचं कारण शोधायचं. तेव्हा फॉर्म विकत घेणाऱ्याकडून यायचा, आता बिल विकणाऱ्याकडून दिसावं लागतं. बाजू बदलली, पोर्टल आलं, पण लागणारी नजर आणि चिकाटी तीच. कायदा रद्द झाला म्हणून ती रद्द होत नाही. रेझ्युमेत सांगायचं ते हेच, असं मी त्या ऑफिसातच ठरवलं.

माझी मामेबहीण पुण्यात एका कंपनीत एचआरमध्ये आहे. तिला माझा २००७ चा बायोडेटा पाठवला, म्हणजे सुरुवात कुठून करायची ते कळेल. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही होती. रात्री मुलं झोपल्यावर तिचा फोन आला. "ताई, हे सगळं काढून टाक. बघणाऱ्याला पहिल्या अर्ध्या पानात कळलं पाहिजे, की ही बाई माझं कुठलं काम उचलेल." जात, लग्न, मुलं यांचा हिशोब जुळवण्याशी संबंध नाही, तेव्हा ते कागदावर असू नये, हे मलाही पटलं. पत्त्यापुरतं 'सिडको, नाशिक' ठेवलं, कारण स्थानिक कारखान्यांना रोज येण्याजोगं माणूस हवं असतं. फोटो काढून टाकला. रंगीत पट्ट्या आणि दोन रकान्यांची मांडणीही तिने घेऊ दिली नाही. अर्ज संकेतस्थळावर चढवला की यंत्र आधी तो वाचतं आणि रकान्यांत माहितीची सरमिसळ होते. साधी अक्षरं, ठळक मथळे, दोन पानं, पीडीएफ. फाइलच्या नावात माझं नाव आणि 'अकाउंट्स'. बस.

खरी मेहनत कामाच्या ओळींवर गेली. रेझ्युमे इंग्रजीतच होता, पण प्रत्येक ओळ मी आधी मराठीत लिहिली, कारण मराठीत पोकळ वाक्य लगेच ऐकू येतं. 'विक्री व करविषयक सर्व कामांची जबाबदारी सांभाळली' असं लिहून पाहिलं तर त्यातून काहीच समजत नव्हतं. मग लिहिलं: 'परराज्यातील विक्रीच्या बिलांची तिमाहीवार यादी ठेवून सी-फॉर्म मिळवले, विक्रीकर निर्धारणेच्या वेळी ही यादी व फॉर्म सादर केले.' लगेच खाली, अर्धवेळ कामात: 'खरेदी नोंदवही व जीएसटीआर-२बी यांचा दरमहा ताळा, न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांचा पाठपुरावा.' दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की वाचणाऱ्याला त्यांचं नातं दिसतं. ते मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आरजी-२३ (सेनव्हॅटचं रजिस्टर), ईआर-१ ही नावं ठेवायची की नाही यावर आमचा बराच वाद झाला. बहीण म्हणाली, तरुण एचआरला ती कळणार नाहीत. मी म्हटलं, मुलाखत घेणारा फायनान्सचा माणूस चाळिशीच्या पुढचा असेल, त्याने हेच केलेलं असेल. शेवटी नावं ठेवली, पण एका ओळीत, आणि कामाचं वर्णन त्यांच्या आधी. माझं मत आजही तेच आहे. ज्या रजिस्टरवर हात बसला त्याचं नाव लिहायला संकोच करू नये.

संगणकाचंही तसंच. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र एका ओळीत राहू दिलं. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर मात्र नेमकं लिहिलं: तेव्हा ईआरपी ९, आता टॅलीप्राइम, त्यात कुठल्या नोंदी आणि कुठले अहवाल. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट रोज वापरत होते म्हणून लिहिलं. मॅक्रो येत नव्हतं, लिहिलं नाही.

खंडाबद्दल एकच ओळ: 'एप्रिल २०१५ ते २०२१ – कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत नव्हते.' आजार, वय, मुलांच्या शाळा, काही नाही. माफी मागितल्यासारखं लिहायचं नाही आणि त्याचा गौरवही करायचा नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

याच सुमारास प्लेसमेंटचं काम करणाऱ्या एका गृहस्थाने मला वेगळा मार्ग सुचवला. गॅप दाखवूच नका, ओळखीच्या एका फर्मचा अनुभवाचा दाखला करून देतो, सगळे करतात. मी नको म्हटलं आणि तिथला अर्ज परत घेतला. पकडलं जाण्याचा धोका आहेच: यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सेवा-इतिहासात कुठल्या कंपनीत कधी ते कधी पीएफ भरला गेला ते दिसतं, आणि आजकाल पडताळणीत कंपन्या ते पाहतात. पण नकाराचं कारण ते नव्हतं. हिशोबनिसाकडे विकण्यासारखी गोष्ट एकच, की त्याने घातलेली नोंद खरी आहे. जो स्वतःच्या आयुष्याची खोटी नोंद घालतो त्याच्या हाती कुणी कॅश बुक का द्यावं? या बाबतीत मला मधला रस्ता मान्य नाही.

कागदपत्रांत वेळ गेला, आणि तो आधीच काढायला हवा. माझी जुनी कंपनी नंतर विकली गेली होती. कार्यमुक्तीचं पत्र माझ्याकडे होतं, पण पडताळणीचा फोन घ्यायला तिथे कुणी ओळखीचं नव्हतं. मग नेमणुकीचं पत्र, शेवटची पगारवाढ, पगाराच्या काही स्लिपा आणि पगार जमा झालेलं बँक पासबुक अशी एक फाइल केली. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीखच घातलेली नव्हती, म्हणजे कागदोपत्री मी अजून तिथेच. ती तारीख आता सदस्याला स्वतः घालता येते. 'मॅनेज'मध्ये 'मार्क एग्झिट' असा पर्याय आहे, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. फक्त तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्यात भरली त्या महिन्यातलीच घालावी लागते. ज्यांच्या पगारातून टीडीएस कापला गेला असेल, त्यांना फॉर्म २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या तपशिलात) कंपनीचं नाव आणि टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक दिसतो. तोही पुरावाच.

आपल्याकडच्या बायकांना नावाचा प्रश्न येतोच. माझं पदवी प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार आणि पॅन सासरच्या. रेझ्युमेवर आधारवरचंच नाव घातलं, कारण पीएफ, बँक, पगार सगळं त्यावर चालणार. प्रमाणपत्रासोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडला. काही ठिकाणी राजपत्रातली नोंद मागतात, मला दाखला पुरला. विद्यापीठाचं नावही प्रमाणपत्रावर आहे तसंच 'पुणे विद्यापीठ' लिहून पुढे आताचं 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' घातलं. तपासणाऱ्याला कुठेही थांबावं लागू नये, एवढाच हेतू.

संदर्भासाठी आमच्या जुन्या अकाउंट्स ऑफिसरांचं नाव द्यायचं होतं. ते आता निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहतात. नंबर देण्याआधी त्यांच्या घरी गेले, रेझ्युमे दाखवला, यातलं काही तुम्हाला अवास्तव वाटतं का असं विचारलं. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली आणि एका ओळीत 'केले' होतं तिथे 'मदत केली' असं करायला सांगितलं, कारण वार्षिक ऑडिटचं ते काम मुळात त्यांचं होतं. मी तिथेच बदललं. त्यांना फोन आला तेव्हा ते काय बोलले ते मला माहीत नाही, पण माझा कागद आणि त्यांचं बोलणं यात तफावत नसणार, याची खात्री होती.

अर्ज सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे असे येण्याजाण्याच्या टप्प्यातलेच केले. प्रत्येक जाहिरात नीट वाचून ईमेलमध्ये चार ओळी वेगळ्या लिहिल्या. दुपारी घरात गडबड असते, म्हणून अनोळखी नंबर आला की नमस्कार करून म्हणायचे, "आत्ता नीट बोलता येणार नाही, साडेतीनला मी फोन करू का?" आणि साडेतीनला करायचे. कुणी यावर नाराज झालं नाही. एका ठिकाणी रुजू होताना मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ असं सांगितलं. मी म्हटलं, दाखवते, प्रती देते, मूळ ठेवणार नाही. तिथलं बोलणं तिथेच संपलं आणि त्याचं मला काही वाटलं नाही. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असले की नोकरी सोडायचा आपला हक्कही त्याच कपाटात जातो. नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

ज्या मुलाखतीतून नोकरी मिळाली ती सिन्नरच्या एका कारखान्यात झाली. आधी एक्सेलच्या दोन शीट देऊन न जुळणारी बिलं काढायला सांगितली. नुसतं व्हीलुकअप लावलं तर काही बिलं सुटत होती, कारण एकीकडे बिल नंबरात तिरकी रेघ आणि वर्ष होतं, दुसरीकडे नुसता आकडा. जीएसटी नंबर आणि रक्कम दोन्ही धरून जुळवलं आणि उरलेल्या प्रत्येक बिलापुढे फरकाचं संभाव्य कारण लिहिलं. फायनान्सच्या साहेबांनी ते रकाने बराच वेळ पाहिले. मग रेझ्युमे उचलून म्हणाले, "सी-फॉर्म! पंतनगरवाल्यांकडून फॉर्म मिळवलेत म्हणजे आमचे व्हेंडर तुम्हाला जड जाणार नाहीत."

मग नेहमीचा प्रश्न आला: मुलं लहान आहेत, घरचं कोण बघणार? या प्रश्नावर चिडावंसं वाटतं, आणि ते वाटणं रास्त आहे. पुरुषांना तो कुणी विचारत नाही. मी शांतपणे म्हटलं, "घरची सोय झाल्यावरच अर्ज केलाय. ११ आणि २० तारखेच्या आसपास उशीर होतो हे मला माहीत आहे, त्याची तयारी आहे." एवढंच. सासूबाईंना सांभाळायला ताई ठेवल्या आहेत, नवऱ्याची पाळी कुठली, हे सांगितलं नाही. ती माहिती त्यांची नव्हती.

पगाराचं बोलताना वर्षाचा एकूण आकडा सांगितला गेला. मी घटकवार तक्ता मागितला: मूळ पगार किती, कंपनीचा पीएफचा हिस्सा त्यातच धरलाय का, हातात किती येणार. मागताना आवाज चढवायची गरज नसते आणि खाली मान घालायचीही नसते. तक्ता आल्यावर मी थोडी वाढ मागितली, निम्मी मिळाली. होय म्हणायला सोमवारी सकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला आणि सोमवारी सकाळी ईमेल केला. दुसऱ्या एका कंपनीत त्याच आठवड्यात मुलाखत ठरली होती. तिथे त्याच दिवशी फोन करून सांगितलं, की मी दुसरीकडे होकार दिलाय, तुमचा वेळ घेत नाही.

साहेबांना मी लगेच रुजू व्हायला हवी होते. पण कर सल्लागारांकडच्या फायलींची त्या महिन्याची ३बी बाकी होती. म्हटलं, २० तारखेनंतर येते, तिथलं काम हातावेगळं करून. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. उद्या आम्हाला सोडताना पण असंच करा." सरांच्या ऑफिसात प्रत्येक पार्टीची न जुळलेली बिलं, कुणाला फोन झालाय, कुणी काय सांगितलं, याची यादी करून दिली. सरांनी अनुभवाचं पत्र दिलं त्यात 'अर्धवेळ' हा शब्द मीच घालायला लावला, कारण रेझ्युमेत तसंच होतं.

आता आमच्या विभागात जागा निघाली की आलेले रेझ्युमे पहिल्यांदा माझ्याकडे येतात. 'टॅलीचं ज्ञान' असं बहुतेकांनी लिहिलेलं असतं आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. गेल्या भरतीत दिंडोरी तालुक्यातल्या एका मुलीचा कागद होता. नुकतीच बी.कॉम. झालेली, नोकरीचा अनुभव नाही. तिने लिहिलं होतं, की घरच्या द्राक्षबागेचा हिशोब ती कॉलेजात असल्यापासून ठेवते: छाटणीची मजुरी, औषधं, पेट्यांचं पॅकिंग, व्यापाऱ्याची बिलं आणि आलेले पैसे. मी फोन करून म्हटलं, येताना वही घेऊन ये. वहीत एका ठिकाणी व्यापाऱ्याचं बिल आणि मिळालेली रक्कम यात फरक होता. शेजारी बारीक अक्षरात कारण लिहिलं होतं: वजनात घट धरली, गाडीवाल्याकडून खात्री केली. आधी मी तिला बँकेच्या ताळ्याची चाचणी दिली, ती तिने व्यवस्थित केली. साहेबांना दोन्ही दाखवलं. सध्या आमचं २बी तीच जुळवते.